रावसाहेबांची काचपेटी

३ मार्च, संध्याकाळी ७

अर्ज मंजूर झाला. प्राणी-निवाऱ्याच्या बाईंचा फोन आला होता. कुणीतरी टाकून दिलेला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, उद्या मला मिळणार. तीस दिवस तात्पुरता. तिसाव्या दिवशी बाई घरी तपासणीला येणार. राहायची सोय योग्य वाटली तर तो कायमचा माझ्या नावावर होईल, नाहीतर त्याच दिवशी परत जाईल.

माझ्या नावावर आजवर दोनच गोष्टी आहेत: शाळेचा दाखला आणि पाणीपुरवठा ऑफिसचं ओळखपत्र. आता तिसरी.

सरड्याला घर हवं अशी निवाऱ्याची नोटीस आमच्या ऑफिसच्या बोर्डासाठीच आली होती. मी आवक-जावकला असल्यामुळे ती सगळ्यात आधी मीच वाचली. लगेच अर्ज करणं हा इतरांवर अन्याय झाला असता, म्हणून आठवडाभर ती बोर्डावर राहू दिली. कुणीच अर्ज केला नाही. स्पर्धेत मी पहिली आले.

संकल्प: सगळं नियमाप्रमाणे करायचं. रोज नोंद ठेवायची. जे लिहायचं ते खरंच लिहायचं.

४ मार्च, संध्याकाळी ६.३०

आणला.

टोपली धरायला आईला बरोबर नेलं होतं. फॉर्म चार पानांचा होता. मी प्रत्येक रकाना भरला, जे लागू नव्हते तिथे 'लागू नाही' लिहिलं आणि एके ठिकाणी छापणाऱ्याची चूक होती ती पेन्सिलीने दुरुस्त करून बाजूला सही केली. निवाऱ्याच्या बाई तेवढा वेळ सारखं काहीतरी बोलत होत्या. मी हो-हो करत होते. आई त्यांच्या तोंडाकडे पाहत बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. बाबांना नाही, आत्यालाही नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कागदाचं काम असलं की बाकीच्यांनी बसून राहायचं, असं ठरूनच गेलंय.

सरडा हिरवागार आहे. एक डोळा पुढे, एक मागे. कुणाशी बोलत नाही. अगदी आमच्या मोठ्या साहेबांसारखा. नाव ठेवलं: रावसाहेब. आत्याने विचारलं, घरात माणसांना बसायला जागा नाही आणि हे कोण बसवून घेतलंस गं? मी म्हटलं, आत्या, हे पाहुणे नाहीत. आत्या म्हणाली, तेच तर म्हणते.

५ मार्च

पेटीचा प्रश्न सुटला. ऑफिसात हेडक्लार्कबाईंची माशांची जुनी काचेची टाकी वर्षभर जिन्याखाली पडून होती. मासे गेले, टाकी राहिली. रीतसर अर्ज करून मागितली. शिपाईकाकांनी बसपर्यंत उचलून दिली. वाटेत त्यांनी विचारलं, ताई, नक्की काय पाळताय? मी सांगितलं. ते म्हणाले, सरडा ना? मग काचेत? मी म्हटलं, काका, लायब्ररीतून पुस्तक आणलंय. पान एकशे बारावर चित्र आहे: सरडा, खाली वाळू, चहूकडून काच. काका म्हणाले, मग बरोबर असेल.

(खरं लिहायचं तर चित्रातला सरडा वाळवंटातला आहे. पण सरडा तो सरडा.)

घरी बाबांनी टाकी पाहिली आणि म्हणाले, काचेत जीव गुदमरेल गं, याला जाळी हवी. बाबा लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवतात. त्यांना प्रत्येक गोष्टीला जाळीच हवी असते. आई म्हणाली, त्या बाईपण जाळीच म्हणाल्या होत्या. मी विचारलं, लेखी आहे का?

ऑफिसात मी पहिल्याच दिवशी शिकले: कागदावर नाही ते आलंच नाही. ज्याला आवक नंबर नाही त्याला उत्तर द्यायचं नसतं. घरी हे समजावून सांगायला वेळ लागतो.

६ मार्च

दिवसभर मनात पेटीच होती. दोन पत्रांवर एकच नंबर पडला. घरी येऊन पेटी पूर्ण केली.

तळाला वाळू. मागच्या काचेला कार्डशीटवर रंगवलेलं जंगल. बाहेरून टेबललॅम्प. पाण्याला चिनी मातीची वाटी. उष्णता मोजायला घरातला तापाचा थर्मामीटर आत उभा केला. पाच मिनिटांत पारा टोकाला गेला. आत्या म्हणाली, अगं, त्याला ताप चढलाय. मी म्हटलं, हा पेटीचा ताप आहे, त्याचा नाही. आत्या म्हणाली, आत तोच आहे ना?

आत्या शर्टांना काज-बटणं करते. सुईच्या टोकाएवढं काही दिसलं की टोचायचं, ही तिची सवयच झाली आहे.

७ मार्च

रावसाहेबांच्या देखभालीचे नियम लिहून पेटीवर चिकटवले. एकूण चौदा. नियम एक: पेटीला परवानगीशिवाय हात लावू नये. नियम चौदा: शंका असल्यास लेखी विचारावे. सुवाच्य अक्षर, खाली सही, तारीख.

संध्याकाळी पाहते तर आईने लॅम्प विझवलेला. नियम सहा सरळसरळ मोडला. मी बोट ठेवून दाखवलं, इथे काय लिहिलंय? आई कागदाकडे पाहत राहिली. म्हणाली, छान लिहिलंयस.

नंतर माझ्या लक्षात आलं. तेव्हा चौदाही नियम मोठ्याने वाचून दाखवले. आईने मान डोलावली. आता घरात कुणाला सबब उरलेली नाही.

९ मार्च, सकाळी ६.१०

रावसाहेबांचा रंग बदलला. हिरव्याचा तपकिरी, तपकिरीचा जवळजवळ काळा. मी पेटीसमोर आले की जास्तच. आधी दचकले. मग विचार केला. मोठ्या साहेबांसमोर आमच्या ऑफिसात सगळे गडद कपडे घालून जातात. जबाबदारीची जाणीव झाली की रंग गंभीर होतो. चांगलं लक्षण आहे.

काचेत स्वतःचं प्रतिबिंब पाहून तो अंग फुगवतो आणि तोंड उघडतो. बोलायचा प्रयत्न करत असावा. तोंड उघडल्याच्या वेळा नोंदवल्या: नऊ.

११ मार्च

आहार उत्तम. सकाळी डबीतून दहा रातकिडे सोडले. संध्याकाळी तीन दिसले. म्हणजे सात खाल्ले. पाणीही रोज बोटभर पितो. वाटीला पेनाने खूण केली आहे, ती खोटं बोलणार नाही. (वाटी लॅम्पच्या अगदी खाली आहे. तिथे त्याला सोयीचं पडत असावं.)

आत्या म्हणते तिच्या पलंगाखाली रातकिडे किरकिरतात. मी सांगितलं, बाहेरचा आवाज आत येतोय. आत्या म्हणाली, माझ्या उशीत बाहेर कुठून आलं?

१२ मार्च

आईचं दिवसातून दोनदा तेच. त्या बाई म्हणाल्या होत्या तो वाटीतलं पाणी पीत नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या उंच जागा दे. त्या बाई म्हणाल्या होत्या त्याला तो स्वतः दिसता कामा नये. मी म्हटलं, आई, त्या खूप काही म्हणाल्या असतील. माणूस म्हणतो एक आणि ऐकणारा ऐकतो दुसरं, म्हणून तर लिहायची पद्धत निघाली.

तरी मनाला रुखरुख नको. निवाऱ्याला पत्र टाकलं: 'दि. ४ मार्च रोजी काही तोंडी सूचना देण्यात आल्या असल्यास त्या लेखी स्वरूपात पाठवाव्यात.' ऑफिसच्या टपालातून नाही, स्वतः तिकीट लावून. उत्तर येईपर्यंत आहे तेच योग्य समजावं लागेल.

१४ मार्च, सकाळी ६.०५

तो खाली वाळूवर बसला आहे. डोळे मिटलेले. डोळ्यांचे घुमट आत गेल्यासारखे वाटतात. दिवसा विश्रांती घेतो. पुस्तकात विश्रांतीबद्दल काही नाही.

६.२०. अजून तसाच.

६.४०. मी त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते नक्की नाही, पण मागून ठेवली. लॅम्प जवळ घेतला. मग लांब केला. मग पुन्हा जवळ. तीस दिवसांतले अकराच झाले आहेत. तपासणीआधीच काही झालं तर? तर रकान्यात काय लिहायचं?

संध्याकाळी. तसाच. हेडक्लार्कबाईंकडे उद्याची रजा मागितली होती. कारण विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, सरड्यासाठी रजा असा प्रकार रजेच्या नियमांत नाही. नियमांत नाही म्हटल्यावर मी अर्ज परत घेतला.

पेटीच्या काचेवर आतून पाणी होतं. बाहेरूनही थोडं होतं. वाफ असावी.

१५ मार्च, संध्याकाळी ६.४५

हिरवा!!

धावत जिना चढले. पेटीत पाहते तर पहिल्या दिवसासारखा हिरवा. डोळे टपोरे. शेपटी नीट गुंडाळलेली. आई म्हणाली, आज बरा दिसतो ना? मी म्हटलं, बरा नाही, उत्तम. पेटीचा गुण आला. बाबा म्हणाले, हो, पेटीचाच. आत्याला एकदम खोकल्याची उबळ आली आणि ती आत निघून गेली.

हे लक्षात ठेवायचं: घाबरून पद्धत बदलायची नाही.

१७ मार्च

नियमित दिसणारी गोष्ट: सकाळी गडद, संध्याकाळी हिरवा. आज तिसरा दिवस. कारण उघड आहे. पेटीचा परिणाम व्हायला दिवसाचे आठ-नऊ तास लागतात आणि रात्री तो उतरतो. लोणच्यासारखं मुरावं लागतं. आलेख काढला. रेघ रोज संध्याकाळी वर जाते. अशी रेघ मी ऑफिसच्या कुठल्याच तक्त्यात पाहिलेली नाही.

१९ मार्च

पेटीत एक खरं पान सापडलं. आईच्या मनीप्लांटच्या पानासारखं, हिरवं, ओलं, रावसाहेबांच्या मागच्या पायात अडकलेलं. पेटीतलं जंगल तर कागदाचं आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, वाऱ्याने आलं असेल. खिडकी बंद होती. बाबा म्हणाले, फटीतून. बाबांनी बसवलेल्या खिडकीला फट? बाबा म्हणाले, आपल्याच घराचं काम कोण नीट करतं?

नोंद: वातावरण इतकं नैसर्गिक झालंय की पानंही येऊ लागली.

२१ मार्च

ऑफिसात डबा खाताना रावसाहेबांची प्रगती सांगितली. शिपाईकाका म्हणाले, ताई, दिवसभर त्याच्याकडे कोण पाहतं? मी म्हटलं, कुणी पाहायची गरजच नाही, तोच तर पेटीचा फायदा आहे. हेडक्लार्कबाईंनी विचारलं, टाकी परत कधी करणार? मी म्हटलं, आता ती टाकी राहिली नाही.

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तुझी धाव पेटीपर्यंत. मी हसून सोडून दिलं. यशस्वी माणसाला असं ऐकून घ्यावं लागतं.

२३ मार्च

घरात काहीतरी शिजतंय.

एक: मी आत आले की तिघं बोलायची थांबतात. दोन: बाबा जाळीचे उरलेले तुकडे आणि लाकडी पट्ट्या घरी आणतात आणि मागच्या गॅलरीत ठोकाठोकी करतात. तीन: मी गॅलरीकडे वळले की आई म्हणते, तिकडे जाऊ नकोस, तार लागेल, ऑफिसचे कपडे फाटतील. चार: आत्याची सर्वांत बारीक सुई सापडत नाहीये आणि आत्या त्याबद्दल भांडत नाहीये.

२४ मार्च

कोडं सुटलं. ४ एप्रिलला माझा वाढदिवस! बाबा माझ्यासाठी पुस्तकांचं कपाट करत आहेत. दहावीपासून मागतेय. जाळीचं दार असणार, बाबांचं काम म्हटल्यावर जाळी आलीच. म्हणजे पुस्तकांना हवाही लागेल.

किती लपवतात बिचारे! संकल्प: मला काही कळलेलं नाही असंच वागायचं. गॅलरीत पाऊल टाकायचं नाही. ऑफिसातून येताना जिन्यातच मोठ्याने खाकरायचं, म्हणजे त्यांना आवराआवरीला वेळ मिळेल.

२५ मार्च

खाकरले. वर धावपळ ऐकू आली. दार उघडलं तर आईला धाप लागलेली, हात ओले. मी काहीच पाहिलं नाही असं दाखवलं. आईच्या मनगटावर बारीक ओरखडे होते. कपाटाची तार लागली असणार. माझ्यासाठी! डोळे भरून आले. रावसाहेब पेटीत हिरवेगार.

२७ मार्च

आज खाकरायला विसरले, म्हणून पुन्हा खाली गेले आणि खाकरत वर आले. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, औषध घेतेस की नाही?

२९ मार्च

तपासणीची फाइल तयार. पानं सेहेचाळीस. अनुक्रमणिका, आलेख, खाल्लेल्या रातकिड्यांचा तक्ता, पाण्याच्या खुणा, नियमांची प्रत. वरच्या पानावर: 'सांभाळणाऱ्याचे नाव', पुढे माझं नाव, शाई वाळेपर्यंत फुंकर घालून.

निवाऱ्याकडून पत्राला उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे आक्षेप नाही.

१ एप्रिल

उद्या तपासणी. रजा मंजूर झाली (कारण: घरगुती). घरी सांगितलं की उद्या मी दिवसभर घरीच आहे. आईचा चेहरा पडला. म्हणाली, दिवसभर? सकाळपासून? बाई येईपर्यंत? बाबांकडे पाहून म्हणाली, अहो, हिला सकाळी कुठे काम नाही का?

कपाटाला शेवटचा हात फिरवायचा राहिला असणार. पण माझा इलाज नाही.

२ एप्रिल, दुपारी ३

हे लिहायला पाहिजे. आजवर सगळं लिहिलं, तर हेही लिहायला हवं.

सकाळी रावसाहेब नेहमीसारखे गडद होते. मी म्हटलं, बाई अकराला येणार, तोवर मुरेल. आईने सात वाजता मला मीठ आणायला पाठवायचा प्रयत्न केला. बरणी भरलेली होती. आठला सुई. साडेआठला काडेपेटी. नऊला आत्याला चक्कर आली. मी पाणी दिलं आणि जागची हलले नाही. आत्या उठून बसली आणि आईला म्हणाली, माझ्याच्याने आता याहून जास्त होणार नाही. तेव्हाही मला काही कळलं नाही. मी गालात हसले. कपाटासाठी किती ही धडपड, असं वाटलं.

बाई अकराला पाच कमी असताना आल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी फाइल घेतली नाही. पेटीसमोर वाकल्या. रावसाहेब काळे ठिक्कर, काचेला तोंड लावून फुगलेले. बाईंनी वाटी पाहिली, थर्मामीटर पाहिला, कागदाचं जंगल पाहिलं. वाळूत बोट घातलं तर तीन रातकिडे बाहेर आले. मी म्हटलं, हे आजच्या दहातले उरलेले. त्या म्हणाल्या, यात हा तीस दिवस जगलाच कसा?

मी म्हटलं, पान सतरा पाहा.

बाई म्हणाल्या, फाइल असू दे, टोपली कुठे आहे? मी परत नेते.

तेव्हा आई बोलली. कुठल्याही ऑफिसच्या माणसासमोर आई बोलत नाही. शाळेत माझं नाव घालायला आली होती तेव्हाही बाबांच्या पाठीमागे उभी होती. आज मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाई, नेऊ नका. तो इथे राहत नाही.

बाई म्हणाल्या, म्हणजे?

आई म्हणाली, दिवसभर नसतो. हिला दाखवायला ठेवतो फक्त.

आणि ती बाईंना मागच्या गॅलरीत घेऊन गेली. मी मागून गेले. तार लागली नाही.

कपाट नव्हतं.

माणसाच्या छातीएवढा उंच जाळीचा पिंजरा होता. बाबांच्या हाताचा, कोपरे असे जुळवलेले की बोट फिरवलं तर कळू नये. आत आईचा मनीप्लांट, अख्खी कुंडी. आडव्या-तिडव्या काटक्या. वर एक प्लास्टिकची बाटली टांगलेली, तिच्या बुडाला आत्याच्या सुईने पाडलेलं भोक, त्यातून पानांवर टप टप थेंब. एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. आईने पेटीतून रावसाहेबांना आणलं. आणलं म्हणजे नुसता हात पुढे केला आणि तो चढला. माझ्या हातावर तो तीस दिवसांत एकदाही चढला नव्हता. मी नियम एकमध्येच हात लावायला बंदी केली होती, म्हणून मी स्वतः नियम पाळला होता, एवढंच त्याचं कारण.

पिंजऱ्यात गेला, एका पानाखाली थांबला, जीभ काढून थेंब प्याला. पाच मिनिटं लागली. हिरवा झाला.

बाईंनी आईला विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? आई म्हणाली, तुम्हीच की. आणि तिने ४ तारखेचं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. जाळी हवी, काच नको, स्वतःलाच शत्रू समजतो. उंची हवी. खरी पानं हवीत. पाणी थेंबाथेंबाने, वाटीतलं ओळखत नाही. डोळे आत गेले तर तहान समजायची. समोर टक लावून बसायचं नाही. मग म्हणाली, इथे तुम्हाला शिंक आली होती, आणि मग म्हणालात की किडे हातातून द्या, मोकळे सोडू नका.

बाई म्हणाल्या, शिंक आली होती खरी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात?

मी म्हटलं, फॉर्म भरत होते.

बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. म्हणाल्या, तुमचं पत्र मिळालं होतं, म्हटलं उत्तर हातोहातच द्यावं. एका ओळीचं आहे: 'सूचना तोंडीच दिल्या जातात. आपल्या आई हजर होत्या.'

खाली शिक्का होता. आता लेखी आहे.

तेवढ्यात बाई नवा फॉर्म काढून म्हणाल्या, कायम करते, पण यांच्या नावावर. आई घाबरली. म्हणाली, नको नको, माझ्या नावावर कशाला, ती शिकलेली आहे, तिचं नाव घाला. बाई म्हणाल्या, ज्यांनी ऐकलं त्यांचं नाव. बाईंच्या हातावर तेव्हा रावसाहेब होते, म्हणून फॉर्म मीच भरला. सांभाळणाऱ्याचे नाव: आईचं. सहीच्या जागी तिचा अंगठा. शाईचं पॅड माझं. 'घरातील इतर व्यक्ती' या रकान्यात बाबा, आत्या आणि मी. त्यापुढे 'विशेष सूचना' होती. बाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं: मुलीने पिंजऱ्यापासून दोन हात लांब राहावे.

बाई म्हणाल्या, अक्षर छान आहे तुमचं.

फाइल टेबलावरच राहिली.

२ एप्रिल, संध्याकाळी ६

त्याच्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. घरच्यांनी फसवलं, ठीक आहे. ती माणसं आहेत. पण तो रोज संध्याकाळी हिरवा होऊन माझ्यासमोर बसायचा आणि मी आलेख काढायचे. त्याला सगळं माहीत होतं. एक डोळा माझ्याकडे आणि एक डोळा गॅलरीकडे.

३ एप्रिल

कुणाशी बोलणार नाही असं ठरवलं होतं. सकाळी बोलले. आईला विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

आई म्हणाली, सांगितलं की. सहा वेळा. तू प्रत्येक वेळी लेखी मागितलंस. मी कुठून देणार?

मी विचारलं, पिंजरा कधी केला? बाबा म्हणाले, चौदा तारखेला तू रडत होतीस त्या दिवशी. एका बैठकीत सांगाडा ठोकला, बाकी नंतर बारीक-सारीक. (मी रडत नव्हते. पण आता तेही लिहून ठेवलं आहे.) मी म्हटलं, मग तेव्हाच उघडपणे त्यात ठेवायचं होतं. बाबा पक्कड पुसत बसले. पुसतापुसता म्हणाले, घरात एकच पोर शिकली, तिला चुकलीस असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणायचं? आत्या म्हणाली, माझ्या तोंडाने म्हणणार होते, या दोघांनी दाबून धरलं.

मी म्हटलं, पण रोज संध्याकाळी त्याला परत काचेत का ठेवायचात?

आई म्हणाली, तुला वाईट वाटू नये म्हणून. त्याला रात्रीपुरतं वाईट वाटलं तर तो सकाळी विसरत होता. तू विसरली नसतीस.

ऑफिसला उशीर होत होता, म्हणून निघाले.

४ एप्रिल

वाढदिवस. बाबांनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, काही नको. बाबा म्हणाले, बरं.

५ एप्रिल

टाकी हेडक्लार्कबाईंना परत केली. पोच घेतली. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, प्रयोग यशस्वी झाला, पेटीची आता गरज उरली नाही. शिपाईकाका दारात उभे होते. त्यांनी टाकी उचलली, जिन्याखाली ठेवली आणि वरची धूळ पुसली.

बोललेलं खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. यावर विचार करून नंतर लिहीन.

७ एप्रिल, संध्याकाळी ७.१५

निवाऱ्याला दर महिन्याला नोंद पाठवायची आहे. आईला लिहिता येत नाही. ती सांगते, मी लिहिते.

सुरुवात मी 'सविनय सादर' अशी केली होती. आईने वाचून दाखवायला सांगितलं आणि म्हणाली, हे मी म्हटलं नाही, काढ. मग मागचं माझं रजिस्टरही वाचून घेतलं. मी वाचायचे, ती भाजी निवडत ऐकायची आणि मधेच थांबवायची. अकरा तारखेचे सात किडे: खाल्ला एकही नाही, पाच आत्याच्या पलंगाखाली, दोन बाबांच्या चपलेत. बोटभर पाणी: लॅम्पने आटलं. तोंड उघडून बोलायचा प्रयत्न: घाबरायचा. दुरुस्त्या एकूण एकतीस झाल्या. प्रत्येकीपुढे मी सही केली. एकही तारीख तिला आठवावी लागली नाही.

रावसाहेब या नावाला तो ओळख देत नाही. आई त्याला 'ए बाबा' म्हणते, तेव्हा वळतो.

आज माझ्याकडे स्वतःचं वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. आईने सांगितलेली आजची नोंद तशीच इथे उतरवून ठेवते:

सकाळी थेंब प्याला. टोळ तीन, हातातून. दुपारी ऊन खाल्लं, रंग हिरवा. सहा वाजता मुलगी कामावरून आली. दोन हात लांब उभी राहिली. रंग काळा. मुलगी आत गेली. रंग हिरवा.